पाचव्या जागेचे पाणी

“काका, पाचवी बाटली कुठून भरलीत?”

“कुठून म्हणजे? पुलाखालून.” बाटलीवाल्या काकांनी पेटी टेबलावर ठेवली आणि कमरेवर हात देऊन ते सरळ झाले. “पूल अजून आहे तिथंच, ताई. सकाळीच बघून आलो.”

ताई हसल्या नाहीत. त्या काकांच्या बुटांकडे बघत होत्या. पुलाखाली उतरायला सेहेचाळीस पायऱ्या होत्या आणि त्यातल्या शेवटच्या दहा कायम काळ्या चिखलात असत. इतकी वर्षे काका आले की तो चिखल ठशाठशाने दारापासून टेबलापर्यंत येत असे. आज बूट स्वच्छ होते. मागच्या बुधवारीही होते. त्याच्या आधीच्या बुधवारीही.

“गुडघा कसा आहे?”

“आहे जागेवर. तुमची काकू म्हणते, हल्ली माझ्यापेक्षा तोच जास्त बोलतो.”

“पायऱ्या जमतात?”

“न जमून सांगू कुणाला?”

हे उत्तर ताईंनी मनात टिपून ठेवले. यात ‘हो’ नव्हते आणि ‘नाही’ही नव्हते. काका रिकाम्या बाटल्या घेऊन गेले. त्यांची पावले जिन्यावरून उतरेपर्यंत ताई थांबल्या आणि मग त्यांनी पाचवी बाटली खिडकीसमोर उजेडात धरली. तिच्यातून पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या मोजता येत होत्या. पुलाखालच्या पाण्यातून खिडक्या दिसत नसतात.

शहराच्या पाणी खात्याची ही प्रयोगशाळा. रंग, वास, जंतू, क्षार या सगळ्या तपासण्या खालच्या मजल्यावर चालत. वरच्या खोलीत एकच काम होते आणि एकच माणूस. पाण्यातले प्लास्टिकचे कण मोजायचे. दर बुधवारी काका शहरातल्या सात ठरलेल्या जागांवरून प्रत्येकी एक लिटर पाणी आणत. ताई ते फिल्टर पेपरमधून गाळत, पेपर वाळवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चौकोन सरकवत मोजत जात. पिशव्यांचे पापुद्रे, डब्यांचे तुकडे, आणि सगळ्यात जास्त म्हणजे धुतलेल्या कपड्यांमधून सुटलेले तंतू. तिळासमोर ठेवले तर तीळ डोंगर वाटावा, एवढे बारीक. शंका आली की तापवलेल्या सुईचे टोक कणाजवळ न्यायचे. प्लास्टिक असेल तर आक्रसते, गुंडाळले जाते. सूत जागचे हलत नाही.

या कामात माणसाला स्वतःवरही भरवसा ठेवून चालत नाही. खोलीतली हवासुद्धा तंतू सोडते. म्हणून बाटल्या काचेच्या, अंगात सुती कोट, आणि मोजताना शेजारी एक ओला कोरा पेपर उघडा ठेवायचा. त्याच्यावर जे पडेल ते खोलीचे, पाण्याचे नाही. बावीस वर्षांत त्या कोऱ्या पेपराने ताईंना बरेच शिकवले होते. काही दिसले तर आधी आपल्याकडे बघायचे, मग दुसऱ्याकडे.

पाचव्या जागेचा आकडा लिटरला दीडशेच्या खाली कधी आला नव्हता. वाईट आकडा, पण ओळखीचा. अकरा आठवड्यांपूर्वी तो एकदम एकवीस झाला. मग सतरा. मग चोवीस. बाकीच्या सहा जागा होत्या तशाच.

ताईंनी आधी स्वतःवर संशय घेतला. चष्म्याचा नंबर तपासून आल्या. मग सूक्ष्मदर्शकावर, मग फिल्टर पेपरच्या नव्या गठ्ठ्यावर. सगळे ठीक निघाले. उरली नदी आणि उरले काका. नदी अशी एका आठवड्यात सुधारत नाही.

आणखी एक गोष्ट होती. या उतरलेल्या आकड्यांमध्ये दर वेळी एक-दोन लाल तंतू असत. एकाच लालीचे, एकाच जाडीचे. सुई जवळ नेली की आक्रसत. पूर्वी हा लाल कधी दिसला नव्हता. कोऱ्या पेपरवर तो कधीच नसे, बाकीच्या सहा बाटल्यांतही नसे. म्हणजे तो खोलीतून येत नव्हता. पाणी जिथून येत होते तिथूनच येत होता, आणि ती जागा पुलाखालची नव्हती, असे ताईंना आता जवळजवळ खात्रीने वाटत होते.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. नवरा जाऊन आठ वर्षे झाली होती, तेव्हापासून घरात या दोघीच. ताईंनी पर्स ठेवली आणि हात धुण्याआधी गोळ्यांची डबी उघडली.

“मोज, मोज,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “एखादी जास्त निघाली तर पोलिसांना बोलव.”

“मागच्या महिन्यात उशीखाली तीन सापडल्या होत्या.”

“मागच्या महिन्यात तीन सापडल्या म्हणून मी जन्मभराची चोर झाले.” त्यांनी मान वळवली. “काय गं, तोंड का असं? कोणावर डोळा आहे आज?”

“काकांवर.”

“बाटलीवाल्यावर? तो गरीब माणूस काय करणार?”

“पाणी दुसरीकडून भरत असतील. गुडघा दुखतो, पायऱ्या चढवत नाहीत. भरलं असेल वरच्या घाटावर. तिथं चारच पायऱ्या आहेत.”

“मग विचार त्याला.”

“विचारलं. पूल जागेवर आहे म्हणाले.”

“मग झालं की.”

“असं नसतं, आई. विचारल्यावर कोण सांगतं?”

“तुझ्या हाताखाली कोणी नाही, ते बरं आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला. गोळी गिळल्यावर त्यांनी तोंड उघडून जीभ दाखवली. दोघींनाही त्याचे काही वाटले नाही, एवढे ते सवयीचे झाले होते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी पाचव्या बाटलीतले उरलेले पाणी खाली नेले. त्यात क्लोरीन नव्हता, म्हणजे नळाचे पाणी नव्हते. क्षार मोजले. ते नेमके पुलाखालचे होते. वरच्या घाटावर क्षार निम्मे असतात, कारण मोठा नाला घाटाच्या खाली येऊन मिळतो. ताईंनी तो आकडा पुन्हा काढला. तोच आला. पाणी पुलाखालचेच होते आणि पुलाखाली जे असते ते त्यात नव्हते.

इथे दुसऱ्या कोणाचा संशय फिटला असता. ताईंचा वाढला. माणसाने काहीतरी केल्याशिवाय असे होत नाही.

त्या साहेबांकडे गेल्या. साहेब प्रयोगशाळेचे प्रमुख होते, दमलेले आणि सभ्य.

“पाचव्या जागेचे नमुने मला बरोबर वाटत नाहीत.”

“का? आकडे तर सुरेख आहेत.”

“म्हणूनच. काका काहीतरी करतायत. मी लिहून देते.”

साहेबांनी पेन खाली ठेवले. “लिहून वगैरे देऊ नका, ताई. मी बघतो.”

“काय बघणार?”

“बघतो म्हणालो ना.”

बोलता बोलता साहेबांनी टेबलावरचा एक कागद पालथा केला, पण तो ताईंनी वाचला होता. पाचव्या जागेचा उतरता आलेख, आणि वर मथळा: ‘नाल्यावरील नव्या जाळीचा परिणाम’. साहेबांनी याच तीन महिन्यांत नाल्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवून घेतली होती. त्या जाळीच्या भोकांतून ताईंची दोन बोटे जात. तिने बाटल्या अडत असतील, तंतू कसले अडणार? आलेखाच्या शेजारी काकांच्या मुदतवाढीचा कागद होता. निवृत्तीनंतर काका वर्षावर्षाच्या मुदतीने काम करत. दोन्ही कागद पुढच्या शुक्रवारी वर जायचे होते.

जिना चढताना ताईंनी ते दोन कागद मनात शेजारी शेजारी ठेवले. एकाला चांगले आकडे हवेत, एकाला मुदतवाढ हवी. आणि लिहून देऊ नका.

बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सकाळीच पुलावर जाऊन उभ्या राहिल्या. डोक्याला रुमाल बांधला होता. आपण वेड्यासारख्या दिसतोय हे त्यांना कळत होते.

काका सायकलवरून आले. पेटी मागे दोरीने बांधलेली. त्यांनी सायकल कठड्याला लावली, एक बाटली, एक स्टीलचा मग आणि एक चपटा पत्र्याचा डबा घेतला. मग ते पायऱ्या उतरू लागले. सरळ नाही. आडवे होऊन, एक हात भिंतीला, दर पायरीवर दोन्ही पाय टेकवत. ताईंनी नकळत मोजले. सेहेचाळीस. शेवटच्या दहा पायऱ्या त्यांनी बसून घेतल्या.

खाली त्यांनी नदीच्या पाण्याने बाटली तीनदा विसळली, नियमाप्रमाणे. मग डबा उघडला आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघितले.

ताई कठड्यावरून खाली वाकल्या. आता डब्यातून काहीतरी निघणार. एखादी पूड, नाहीतर आधीच भरलेली दुसरी बाटली. काकांनी डब्यातून पांढऱ्या कापडाचा एक चौकोन काढला, चौपदरी घडी करून बाटलीच्या तोंडावर ताणला, रबर लावले, आणि मगाने थोडे थोडे पाणी ओतायला सुरुवात केली. कापडाच्या कडेने एक रेघ दिसत होती. लाल.

ताई पायऱ्या कशा उतरल्या ते त्यांना नंतर आठवले नाही.

“काका.”

“अरे, ताई? तुम्ही इथं कशा?” काका उठायला लागले, पण गुडघ्याने उठू दिले नाही. “जपून हां, शेवाळ आहे.”

“हे काय करताय?”

“गाळतोय.” काकांनी मग खाली ठेवला. “वारा आहे ना, फडकं उडतं. म्हणून आडोसा बघून बसतो.”

“गाळताय कशाला?”

“तुम्हीच म्हणालात की.”

“मी?”

“त्या दिवशी नाही का चिडला होता? म्हणालात, काका, मला पाणी हवंय, कचरा नकोय. पानं काय, काड्या काय, गाळ काय. माझा पेपर तुंबतो, सगळा दिवस वाया जातो. मी घरी सांगितलं. तुमची काकू म्हणाली, एवढंच ना, मी देते फडकं करून. जुन्या उशीचा अभ्रा कापला तिनं. कडा शिवून दिल्या, म्हणजे धागा सुटून पाण्यात जायला नको.”

ताईंना तो दिवस आठवला. सासूबाई पडल्या होत्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. झोप झाली नव्हती, पेपर तीनदा तुंबला होता. त्या काय बोलल्या ते त्यांना त्याच संध्याकाळपर्यंतही लक्षात राहिले नव्हते.

“बाकीच्या बाटल्या?”

“त्या कशाला गाळू? तिथलं पाणी बरं असतं. पाचवीलाच तुमचा त्रास.” काकांचा आवाज खाली आला. “चुकलं का काही?”

ताईंची नजर त्यांच्या बुटांवर गेली. “तुमचे बूट स्वच्छ कसे असतात हल्ली?”

“बूट? वर गेलो की पुसतो. सायकलच्या पिशवीत ब्रश ठेवलाय. तुम्ही बघत असता ना बुटांकडे. म्हटलं, ताईंची लादी खराब होते, बोलत नाहीत बिचाऱ्या.”

नदीवर फेसाचा एक तुकडा हळूहळू पुलाखालून निघून गेला. ताई खालच्या पायरीवर बसल्या, चिखलातच.

“या डब्यात काय आहे?”

“फडकी. दर वेळी नवं घेतो. एकदा वापरलेलं परत कसं वापरायचं? मागच्या आठवड्याची घाण या आठवड्यात यायची.” काकांनी डबा पुढे केला. आत अकरा चौकोन होते, वाळलेले, करडे, नीट घडी केलेले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बॉलपेनने तारीख. “फेकणार कुठं? नदीत? त्याच्यावर तर तुमची नोकरी चाललीय.” ते हसले आणि ताई हसत नाहीत हे बघून थांबले. “ताई, खरं सांगा. काय झालं?”

“ते फडकं काढा,” ताई म्हणाल्या. “बाटली पुन्हा विसळा. आणि आहे तसं भरा. पान आलं तर पान येऊ दे.”

गुरुवारी त्यांनी सगळ्यात जुन्या तारखेचे फडके गाळलेल्या पाण्यात खळबळून काढले आणि ते पाणी पेपरमधून काढले. एकशे एकतीस कण. कापडाच्या विणीत अडकून राहिले ते वेगळे. काकांनी नव्याने आणलेल्या बाटलीत एकशे अठ्ठ्याहत्तर निघाले, आणि लाल एकही नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी गोळी काढून सासूबाईंच्या हातावर ठेवली आणि डबी बंद केली.

“आज मोजल्या नाहीस?” सासूबाई म्हणाल्या.

“नाही.”

“बरं वाटत नाही का तुला?”

शुक्रवारी सकाळी साहेबांनी सगळे ऐकून घेतले. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“मला वाटलं होतं, काका पायऱ्या टाळत असतील,” ते म्हणाले. “म्हणूनच म्हटलं, लिहून देऊ नका. अजून एखाद-दोन वर्षं करतील, करू दे. आलेखाचाही फायदा होता, खोटं कशाला बोलू.”

ताईंनी हेही पडताळायला हवे होते, पण कशाने पडताळणार? त्यांनी समोरच्या माणसाकडे फक्त बघितले.

“आता तुम्हीच बघा,” साहेब म्हणाले. “नमुने चुकीचे घेतले असं लिहिलं, तर ते घेणाऱ्याला मुदतवाढ मिळणार नाही. वरचे लोक पहिलं तेच विचारतात, कोणी घेतले. नाही लिहिलं, तर कोणाचंच काही बिघडत नाही.”

“नदीत लिटरला दीडशेच्या वर होते आणि आपण वीस सांगायचे.”

“फडक्यावरचे आकडे रजिस्टरमध्ये जात नाहीत, ताई.”

“नाही जात. म्हणून हे आणलंय.”

त्यांनी कागद पुढे ठेवला. चारच ओळी होत्या. पाचव्या जागेचे अकरा आठवड्यांचे आकडे ग्राह्य धरू नयेत. नमुने गाळून घेतले गेले. नमुना घेणाऱ्यास तशी तोंडी सूचना मोजणी करणाऱ्या व्यक्तीने दिली होती. त्याने ती तंतोतंत पाळली. खाली सही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “तुम्ही गाळायला सांगितलं नव्हतं.”

“कचरा नको म्हणाले होते. त्या पाण्यात दुसरं आहे काय?”

“हा कागद वर गेला तर मोजणीचं टेबल मला तुमच्याकडे ठेवता येणार नाही. बावीस वर्षं झाली तुम्हाला तिथं.”

“हो.”

“विचार करा, हवं तर सोमवारपर्यंत...”

“अहवाल आज जातोय ना?” ताई म्हणाल्या. “मग आजच लावा.”

त्यानंतर सहा आठवडे झाले. वरच्या खोलीत दुसऱ्या प्रयोगशाळेतून एक बाई आल्या होत्या, कामाला चोख. सूक्ष्मदर्शक त्यांनी खिडकीच्या दुसऱ्या बाजूला हलवला होता. ताईंना तळमजल्यावर नमुने स्वीकारायच्या खिडकीवर बसवले होते. बाटली घ्यायची, नोंद करायची, चिठ्ठी चिकटवायची, वर पाठवायची. फडक्यांचा डबा खालच्या खणात होता. जेवणाच्या सुट्टीत त्या बाई जेवायला गेल्या की ताई कधीकधी त्यांच्या परवानगीने एक फडके घेऊन वर जात. आठ झाली होती. ते आकडे त्या स्वतःच्या वहीत लिहीत.

बुधवारी काका दाराशी आले आणि पायपुसण्यावर बूट घासू लागले.

“राहू द्या काका. या तसेच.”

काका आत आले. दारापासून खिडकीपर्यंत सहा काळे ठसे उमटले. त्यांनी पाचवी बाटली आधी काढून ठेवली. पाणी मातकट होते आणि आत एक पिवळे पान उभे तरंगत होते.

“पान आहे. काढलं नाही.”

“चांगलं केलंत.”

“दोन काड्यापण आहेत. बाटलीच्या तोंडात अडकत होत्या, मी म्हटलं, या बाबांनो, तुम्हीपण या.” मग बाकीच्या बाटल्या मांडत काका सहज बोलल्यासारखे बोलले. “ताई, एक विचारायचं होतं. मी नाही, तुमची काकू विचारते. तिच्या मनाला लागलंय ते. रोज म्हणते, माझ्या फडक्यानं तर काही बिघडलं नाही ना? कडा तिनं दोनदा शिवल्या होत्या. दिसत नाही तिला आता नीट, तरी भिंगातून बघून शिवल्या. म्हणते, एखादा धागा सुटून गेला असेल पाण्यात.”

ताईंच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिले होते: लाल तंतू, अकरा आठवडे, एकूण एकोणीस. प्रत्येकाला सुई लावून बघितलेली.

“काकूंना सांगा, शिवण पक्की होती,” त्या म्हणाल्या. “एकही धागा सुटला नाही.”

“बघितलं होतंत तुम्ही?”

“बघितलं होतं.”

काका हलक्या हाताने पेटीची दोरी गुंडाळू लागले. ताईंनी रजिस्टर ओढले. नमुन्याची स्थिती या रकान्यात त्यांनी लिहिले: गढूळ. एक पान, दोन काड्या. मग बाटली हातात घेतली, पान तळाशी टेकेपर्यंत तशीच धरून ठेवली, आणि चिठ्ठी चिकटवून वर पाठवली.